शेताच्या जागेवरचं रो-हाऊस घेऊ का?

प्रश्न: आम्ही नवराबायको दोघंही रिटायर झालोय. ज्येष्ठांसाठीच्या एका रो-हाऊस वसाहतीत घर बघून आलो, मला तर फार आवडलं. तिथे आधी एकाच कुटुंबाची शेती होती, थोडी फळबागही होती म्हणे. मुलगा म्हणतो शेतावरची घरं खचतात. घ्यावं का?

उत्तर: मुलगा चूक नाहीये, पण अर्धंच सांगतोय. शेतजमिनीत वाईट काही नाही, घोळ होतो तो घाईघाईत केलेल्या भरावाने. पिकाला चांगली असते ती वरची मऊ काळी माती पायाला मात्र काही कामाची नाही, ती खरवडून खालच्या घट्ट थरावर पाया घ्यावा लागतो आणि ते केलंय की नाही हे माती परीक्षणाच्या रिपोर्टवरून कळतं, ब्रोशरवरून नाही, त्यामुळे रिपोर्ट मागा, भीड बाळगू नका. आणि त्या कुटुंबातलं कुणी नाहीतर शेजारचा एखादा जुना माणूस गाठून विचारा, विहीर कुठे होती, पाणी कुठे साचायचं. लोक सांगतात हो, अगदी बोट दाखवून सांगतात! बुजवलेली विहीर थराथराने दाबून भरली नसेल तर जमीन वर्षानुवर्षं बसत राहते, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. तसा तडा कुठे दिसतोय का बघा, ताज्या रंगाखालीसुद्धा.

फळबागेचं म्हणाल तर १९४० च्या दशकात डीडीटी येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी सफरचंदाच्या बागांवर लेड आर्सेनेट हे विषारी कीटकनाशक मारायचे. त्यातलं शिसं आणि आर्सेनिक मातीतून जात नाही. बाग तेवढी जुनी असेल आणि तुम्ही अंगणात भाजी लावणार असाल तर मातीची टेस्ट करून घ्या.

आता घराचं. बेडरूम आणि बाथरूम तळमजल्यावर हवंच, नुसतं "पुढे लिफ्ट बसवता येईल" यावर जाऊ नका. व्हीलचेअरला दार उघडल्यावर ३२ इंच मोकळी जागा लागते आणि वळायला साधारण पाच फूट, टेप घेऊनच जा. मेंटेनन्समध्ये सामाईक छप्पर येतं का आणि मोठ्या दुरुस्तीचा फंड किती साठलाय तेही विचारा, नाहीतर पेन्शनवर असताना एकदम मोठी वर्गणी अंगावर येते.

सही करायच्या आधी धो-धो पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारा. आणि विहीर कुठे निघाली ते मला नक्की कळवा.