आयंडहोव्हनला पहिलं बाळंतपण: घरी येणारी बाई, आईचं तिकीट आणि डिंकाचे लाडू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोळावा आठवडा चालू आहे, पुढच्या महिन्यात कोल्हापूरची राजारामपुरी सोडून नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनला यायचंय, तिथं मालीशवाली नाही, आईला तीनच महिने राहता येणार. मग ओली बाळंतीण सांभाळायची कुणी? की बाळंतपणाला माहेरीच परत जावं?

माहेरी जाणं वाटतं तेवढं सोपं नाही. बहुतेक विमान कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 नंतर बसू देत नाहीत. शिवाय तिकडं जन्मलेल्या बाळाला आधी पासपोर्ट, मग इथला निवास परवाना आणि प्रवेशाचा व्हिसा. तोवर बाप इकडं, लेकरू तिकडं.

त्यापेक्षा इथं जे हक्काचं आहे ते पदरात पाडून घ्या. त्याचं नाव क्रामझोर्ख. बाळंतीण आणि बाळ सांभाळायचं शिक्षण घेतलेली बाई रोज घरी येते. 8 दिवसांत साधारण 49 तास, किमान 24, अडचण असेल तर 80 पर्यंत. खर्च मूळ आरोग्य विम्यातून होतो; तुमच्या खिशातून तासाला पाच-सहा युरो, म्हणजे सगळे मिळून अडीचशे ते तीनशे धरा. दवाखान्यात काढलेले दिवस या 8 दिवसांतूनच वजा होतात, आणि रात्री ती नसते.

गडबड होते ती नोंदणीत. अशा बायका कमी, मागणी जास्त, म्हणून इथल्या मुली बाराव्या-सोळाव्या आठवड्यातच नाव नोंदवतात. तुम्ही विसाव्या आठवड्यात उतरणार. म्हणून मिडवाइफला (शिकलेल्या सुईणीला) आत्ताच कोल्हापुरातून फोन करा. धोका नसलेलं गरोदरपण इथं तीच बघते, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. आल्यावर नगरपालिकेत नोंद, बीएसएन क्रमांक (इथला नागरिक क्रमांक), विमा आणि लगेच क्रामझोर्ख, हे एका आठवड्यात उरका. 18 ते 20 आठवड्यांचा स्कॅन निघण्याआधीच करून घ्या, नाहीतर मिडवाइफ मिळेपर्यंत त्याची वेळ टळते. फाइलमध्ये रक्तगट (आरएचसकट), हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा इंग्रजीत हव्यात.

क्रामझोर्खची बाई येण्याआधी पलंग उंच करावा लागतो. जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत 80 सेंटीमीटर; पायांखाली लावायचे ठोकळे भाड्यानं मिळतात. दिवसभर वाकून तिची कंबर मोडू नये म्हणून हा नियम आहे. जमिनीवर गादी टाकून भागणार नाही.

आली की ती तुमचा ताप, नाडी, टाके, गर्भाशय किती खाली बसलं आणि अंगावरून किती जातंय हे बघते, बाळाचं वजन घेते, संडास-बाथरूम धुते, आल्यागेल्याला चहासुद्धा करते. पण तिच्याकडून खरं शिकून घ्यायचं ते पाजणं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं, नाक बोंडासमोर. तोंड जांभईएवढं उघडलं की मग बाळाला स्तनाकडे आणायचं; आपण वाकायचं नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, वरच्यापेक्षा खालचा काळा भाग तोंडात जास्त. पहिले काही क्षण कळ येते, पण पूर्ण पाजणीभर दुखत असेल तर पकड चुकलीय. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. दात-ओठ आवळून सहन केलंत तर भेगा पडतात, मग भीतीनं पाजणं टळतं, दूध साचतं आणि गाठी होतात.

चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं. चीक थोडाच येतो, दूध उतरायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो. नेमकं तेव्हाच फोनवरून “दूध पुरत नाही, वरचं द्या” सुरू होतं. लंगोट मोजा: पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, सहाव्यापासून निदान सहा, शी काळ्यावरून पिवळ्यावर आलेली. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. 10 टक्क्यांच्या आसपास गेलं तर मात्र मिडवाइफ हात घालते.

काही गोष्टींवर तिचं आणि आपल्या घरच्यांचं जुळणार नाही. शेक-शेगडी आणि धुरी तर विसराच. 1 जुलै 2022 पासून इथं प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे, आणि बंद खिडक्यांत कोळशाचा विषारी वायू वासही न येता साठतो. बाळाच्या उबेला ही लोकं गरम पाण्याची धातूची बाटली पिशवीत घालून, बाळापासून तळहाताएवढ्या अंतरावर ठेवतात. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातून बोटुलिझम होऊ शकतो. घुटी आणि काजळही नको. बाळ उताणं, स्वतःच्या पाळण्यात. तेल लावणं मात्र चालतं, ते आवडीनं करा.

बारसं बाराव्या दिवशी करा की, पण नाव आधीच ठरवा. जन्माची नोंद नगरपालिकेत 3 दिवसांत करायची असते आणि नाव तिथंच द्यावं लागतं. आत्याबाई रुसल्या तर रुसू देत.

आता आईचं तिकीट. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. महिनाभर आधी बोलावलंत तर ते दिवस वाट बघण्यातच जातात. बाळंतपणाच्या दिलेल्या तारखेनंतर आठवड्यानं पोचेल असं तिकीट काढा. बाळ लवकर आलं तर क्रामझोर्खची बाई आणि नवऱ्याची रजा (एक आठवडा पूर्ण पगारी, वर सहा महिन्यांच्या आत 5 आठवडे 70 टक्क्यांवर) निभावून नेतात. उशिरा आलं तर आई वेळेवर पोचते. दोन कारभारणी एकाच स्वयंपाकघरात येत नाहीत, हाही फायदा.

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून डिंक आणि खारीक आणा. तूप, पेढे, खवा नको. दुधाचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. इथलं बिनमिठाचं 250 ग्रॅम लोणी मंद आचेवर कढवलं की 200 ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. डिंक त्यात चिमूट-चिमूट तळा. आच मोठी झाली तर वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, ताप 38 अंश सेल्सियसच्या वर गेला, डोकं फुटायला लागलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं, तर रात्र न बघता मिडवाइफला फोन करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक, बाळाकडे बघण्याची इच्छा परतली नाही तर इथल्या फॅमिली डॉक्टरांना सांगा. इथं त्याची कुणी लाज बाळगत नाही. आणि रात्री दोनच्या पाजणीला एकटं वाटलं तर उन्हाळ्यात कोल्हापुरात साडेपाच वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसहा. फोन उचलला जातो.