दालचिनीत डाळ नाही

खिरीच्या दुधात किंवा पुलावात अख्खी घालायची दालचिनी पाककृतीत कशी लिहावी, 'डाळचिनीची काडी' की 'डाळचिनी स्टिक', असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. काडी लिहावे, 'स्टिक'ची काहीही गरज नाही. परंतु प्रश्नातील 'डाळचिनी' या रूपाकडे मला दुर्लक्ष करता येत नाही, कारण ते अलीकडे वारंवार कानांवर पडते आणि ते साफ चुकीचे आहे. या शब्दात डाळ नाही आणि चिनी म्हणजे साखरही नाही.

मूळ शब्द फारसी 'दारचीनी', म्हणजे चीनचे लाकूड. तुर्कीतील 'तारचिन' हे त्याचेच रूप. यातील 'दार' म्हणजे झाड किंवा लाकूड, आणि तो संस्कृत 'दारु'चा सख्खा भाऊ आहे. देवांचे लाकूड तो देवदार आणि चीनचे लाकूड ती दालचिनी, अशी ही दोन नावे एकाच धातूच्या पोटची निघतात, हे मला आजही विलक्षण वाटते. काष्ठौषधींच्या दुकानात तिच्याच शेजारी चोपचिनी नावाची औषधी मुळी मिळते. तिथे 'चोब' म्हणजेही लाकूड, काठी. वारीत पालखीपुढे दंड घेऊन चालणाऱ्या चोपदाराच्या नावात तोच चोब आहे. (चोपदारातला 'दार' मात्र धारण करणारा, त्याचा झाडाशी संबंध नाही.) म्हणजे एक साल आणि एक मूळ, दोन्ही औषधी फारसी व्यापाऱ्यांच्या लेखी 'चिनी लाकूड'च होत्या.

'दार'चे 'दाल' कसे झाले? माझे मत असे आहे की ते उत्तरेत झाले, कारण 'दाल' हा ओळखीचा शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी होता आणि अनोळखी 'दार' त्याच्याकडे ओढला गेला. मराठीत हे घडणे अशक्य होते. आपण 'डाळ' म्हणतो, ड आणि ळ दोन्ही ठसठशीत उच्चारून. तरीही मसाल्याच्या नावात आपण द आणि ल जसेच्या तसे राखले, यावरूनच शब्द तयार होऊन आपल्याकडे आला हे दिसते. 'डाळचिनी' लिहिणारे हा पुरावाच पुसून टाकतात.

आता 'दारुसिता' या संस्कृत शब्दालाच मूळ मानणाऱ्यांविषयी. हा शब्द सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात आढळतो, आणि चोपचिनीला 'द्वीपांतरवचा' म्हणून संस्कृत वेश चढवणारा ग्रंथही तोच आहे. माझ्या मते दारुसिता हा दारचीनीचाच अनुवाद आहे: दार म्हणून दारु आणि 'चीनी'चा अर्थ साखर समजून सिता. जुन्या वैद्यकात या मसाल्याचे नाव सरळ 'त्वक्', म्हणजे साल, असे आहे. त्रिजातात, म्हणजे तीन सुगंधी द्रव्यांच्या गटात, वेलची आणि तमालपत्र यांच्या जोडीला हीच त्वक् येते. मूळ संस्कृत शब्द हवाच असेल तर तो हा घ्यावा आणि दारुसितेचा आग्रह सोडावा.

खरे तर पाककृती लिहिणाऱ्यांनीही ही 'साल' लक्षात ठेवावी. श्रीलंकेची दालचिनी म्हणजे पातळ सालींचे अनेक पदर एकात एक गुंडाळलेली ठिसूळ सुरळी असते, तर बाजारात बहुधा मिळते ती कॅसिया जाड, कठीण आणि एकपदरी असते. पहिलीला काडी किंवा सुरळी शोभते. दुसरीचा 'बोटभर तुकडा' लिहावा. केकसाठी तिचा सुगंध हवा असेल, तर ती गरम दुधात मुरू द्यावी आणि पीठ कालवण्यापूर्वी दूध गाळून घ्यावे. घरच्या भांड्यात कॅसियाची पूड अनेकदा रवाळ राहते आणि दाताखाली येते, म्हणून अशा वेळी ती अख्खीच वापरलेली बरी.