हब घेण्याआधी स्विचबोर्ड उघडून बघा

स्मार्ट होमचा हब, म्हणजे घरातले स्मार्ट दिवे-स्विच एकत्र चालवणारा डबा, कुठला घ्यायचा ते नंतर ठरवा. आधी मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि एक बोर्ड उघडून आत न्यूट्रल (वीज परत नेणारी) वायर आहे का बघा. खानापूर-निपाणीकडच्या जुन्या घरांत बोर्डात बऱ्याचदा फेजच (वीज आणणारी वायर) आणलेली असते, न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते. बहुतेक स्मार्ट स्विचना मात्र ती लागतेच. वायरमनकडून ओढून घेतलेली उत्तम. न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूलही (साध्या स्विचच्या मागे बसणारा छोटा स्मार्ट डबा) मिळतं, पण त्यावर कमी वॅटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो. मग दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावावा लागतो.

माझं मत विचाराल तर स्मार्ट बल्ब नकोतच, मॉड्यूल स्विचच्या मागे बसवा. घरातली आजी सवयीने बटण बंद करणार, आणि वीज तुटली की बल्ब हबला सापडत नाही. झिग्बीचे (हे स्मार्ट उपकरणांचं वायरलेस तंत्र) बरेच बल्ब शेजारच्या उपकरणांचा सिग्नलही पुढे नेतात, तीही वाट बंद पडते.

जाड दगडी भिंतींच्या घरात मी झिग्बीच घेईन. मधल्या खोलीत एक झिग्बी स्मार्ट प्लग लावला की सिग्नल पुढे जातो. झिग्बीसारखंच वायफायही बऱ्याचदा 2.4 गिगाहर्ट्झवर असतं आणि सिग्नल एकमेकांच्या आड येतात, म्हणून हब राउटरला चिकटून ठेवू नका.

पावसाळ्यात आपल्याकडे लाईट ये-जा करते. हब आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर दिवा बंदच राहील असं करून ठेवा, नाहीतर मध्यरात्री लाईट आली की अख्खं घर उजळेल.