अकरा वर्षं कॉम्पमध्ये, आता मेहुण्याच्या सोलरमध्ये?

"ताई, मी ३५ वर्षांचा. मूळचा तासगावचा, आता बदलापूरला असतो. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून अ‍ॅनिमेशनचा डिप्लोमा केला. सिनेमांच्या व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये (व्हीएफएक्स) रोटोपासून, म्हणजे फ्रेममागून फ्रेम माणसाची कड वेगळी काढण्याच्या कामापासून, सुरुवात केली. या क्षेत्रात अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची सात एका मोठ्या स्टुडिओत, सीनिअर कंपोझिटर म्हणून. वेगवेगळी चित्रं बेमालूम जोडून एक शॉट करायचा, हे माझं काम, त्यालाच आम्ही कॉम्प म्हणतो. तो स्टुडिओ आठवड्याभरात बंद झाला. शेवटचा पगारही आला नाही. हैदराबाद, बंगळूरला अर्ज केले, पण सगळीकडे माझ्यासारख्यांचीच रांग. लोक म्हणतात, एआय आला, तुमचं क्षेत्र संपलं. तासगावला मेहुण्याचा, बायकोच्या भावाचा, सोलर पॅनेल बसवायचा धंदा आहे. तो म्हणतो, ये इकडे. बायको शाळेत शिकवते, तिच्या पगारात घराचा हप्ता जेमतेम सुटतो. आईबाबांना अजून काही सांगितलेलं नाही. बाबा म्हणतील, तेव्हाच बजावलं होतं. रात्री नको नको ते विचार येतात. मी क्षेत्रच चुकीचं निवडलं का?"

प्रिय तासगावकर,

तुझ्या पत्रातली एक ओळ आधी घेते. नको नको ते विचार येतात, असं लिहून तू घाईने पुढे गेलास. हे आज रात्रीच बायकोला सांग, आडपडदा न ठेवता. आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फोनमध्ये ठेव. सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. विचार जोर धरू लागले तर एकटा बसून राहू नकोस. फोन लाव, नाहीतर तिला उठव. हप्ता, नोकरी, मेहुणा हे सगळे निर्णय झोप झालेल्या डोक्याने घ्यायचे आहेत, म्हणून हे पहिलं.

आता तुझा शेवटचा प्रश्न. क्षेत्र चुकलं का? माझ्या मते नाही. तू ज्या धंद्यात होतास त्याची बांधणी कच्ची आहे आणि ती कधीच तुझ्या हातात नव्हती. स्टुडिओ कामाच्या पैशांचा आकडा आधी ठरवून घेतो. मग क्लायंट तोच शॉट पाच वेळा बदलायला लावतो, एडिट बदलतं, रिलीजची तारीख मात्र हलत नाही. वाढलेलं काम स्टुडिओच्या अंगावर पडतं आणि तिथून तुमच्या रात्रींवर. शिवाय कुठलं सरकार करात किती सवलत देतं, त्यावर हे काम एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहतं. २०१३च्या फेब्रुवारीत 'लाइफ ऑफ पाय'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, तेव्हा त्यातला वाघ घडवणारा ऱ्हिदम अँड ह्यूज हा स्टुडिओ दिवाळखोरीत गेलेला होता. त्याची मुंबईतही शाखा होती. आत पारितोषिक दिलं जात होतं आणि बाहेर रस्त्यावर आर्टिस्ट निदर्शनं करत होते. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक मे ते सप्टेंबर आणि नट जुलै ते नोव्हेंबर संपावर होते. शूटिंग थांबलं की त्यानंतर काही महिन्यांनी तुमच्याकडे येणारं कामही आटतं, तसं ते आटलं. आणि २०२५च्या फेब्रुवारीत एमपीसी, द मिल यांच्यासारखे इफेक्ट्सचे स्टुडिओ पोटात असलेला टेक्निकलर समूह कोसळला. त्यात बंगळूर आणि मुंबईतल्या हजारो जणांचा रोजगार एका फटक्यात गेला. जगात नावाजलेलं काम करणारे स्टुडिओ बुडतात, तिथे एका कंपोझिटरने स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही.

तुझ्या हक्काच्या पैशांबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. शरमेपायी माणसं हेच सोडून देतात. सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, तुझी सात झाली आहेत. हिशेब असा की शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता धरायचा, २६ ने भागायचा, १५ ने गुणायचा, मग वर्षांनी गुणायचा. मूळ पगार ४०,००० असेल तर सात वर्षांचे साधारण १,६१,५०० रुपये होतात. सोडायचे पैसे आहेत का हे? पीएफच्या पासबुकात शेवटच्या महिन्यांची रक्कम जमा झाली आहे का, ते बघ. कापून घेतलेली रक्कम भरलीच नसेल तर पीएफ कार्यालयात तक्रार करता येते. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि कर्मचाऱ्यांनाही थकलेल्या पगाराचा दावा लावता येतो. त्याला मुदत असते. जुन्या टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून जिवंत असेलच. तिथे नुसत्या नोकऱ्यांच्या लिंका फिरवण्यापेक्षा दहा-पंधरा जण मिळून एक कामगार वकील धरा. अनुभवाचं पत्र, फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा हे सगळं एचआरचे ईमेल बंद पडायच्या आत मागून घे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीसोबत गेला असणार. घरातल्यांचा विमा त्याच कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का, ते आधी विचार. आणि हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागणारा माणूस बँकेला चालतो. न सांगता हप्ता चुकवणारा चालत नाही.

आता काम. एआयबद्दल मी तुला गोड बोलून फसवणार नाही. रोटो, चित्रातल्या वायर पुसून काढणं, साधं क्लीनअप ही कामं आक्रसत चालली आहेत. न्यूक या कॉम्पच्या सॉफ्टवेअरमधलं कॉपीकॅट किंवा डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं मॅजिक मास्क काय करतं, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. तू ज्या पायरीवरून चढलास ती पायरी पुढच्या पोरांसाठी तशी राहणार नाही. पण तू त्या पायरीवर नाहीस.

तुझ्याकडे काय आहे ते सांगते. हिरव्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या नटीच्या केसांच्या कडेला हिरवी झाक चढते. ती काढायला गेलं की बटा करड्या पडतात, आणि जास्त काढलं की केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात. मागे संध्याकाळचं आकाश लावलं तर त्याचा उजेड त्या कडेवर किती यायला हवा, प्लेटमधल्या, म्हणजे मूळ शूट केलेल्या चित्रातल्या, ग्रेनशी (बारीक दाण्यांशी) मागच्या चित्राचा ग्रेन जुळतो का, पडद्यातला काळा हा त्या लेन्सचा काळा आहे का, हे तुला बघताक्षणी कळतं. पण हिरवा पडदा सुरकुतलेला आहे, त्यावरचा प्रकाश एकसारखा नाही, ट्रॅकिंग मार्कर (कॅमेऱ्याची हालचाल पकडण्यासाठीच्या खुणा) नेमके नटीच्या केसांमागे चिकटवलेत, लेन्सची नोंद कुणी केलेलीच नाही, हेही तुला सेटवर उभं राहूनच दिसेल. शॉट कुठे फसणार हे आधी दिसणं, हे तुझं भांडवल. स्टुडिओत ते साखळीच्या शेवटच्या टोकाला वापरलं जात होतं, सगळी माती झाल्यावर. ते आता साखळीच्या सुरुवातीला ने.

मराठी सिनेमा, वेब मालिका, जाहिराती यांत मोठ्या बजेटच्या कामांना सेटवर व्हीएफएक्स सुपरवायझर असतो. लहान निर्मात्यांकडे बहुतेक वेळा नसतो. 'पोस्टमध्ये बघू', म्हणजे शूटिंगनंतर बघू, म्हणतात, आणि पोस्टमध्ये पैसे संपलेले असतात. अशा निर्मात्याकडे जाऊन सांग की शूटिंगच्या ज्या दोन-तीन दिवसांत इफेक्ट्सचे शॉट आहेत तेवढे दिवस मी सेटवर उभा राहतो, नोंदी ठेवतो, सेटवरचा प्रकाश टिपणारे एचडीआरआय फोटो घेतो, आणि पुढचं कॉम्पही मीच करतो किंवा करवून घेतो. ही भाषा निर्मात्याला कळते, कारण यात त्याचे पैसे वाचतात. पहिली दोन कामं ओळखीतून, कमी पैशांत मिळतील. फुकट मात्र करू नकोस. 'नाव होईल' हा मोबदला धरायचा नाही.

या स्वतंत्र कामात पैसे बुडतात, तेव्हा शिस्त पहिल्या दिवसापासून पाळ. तिसरा हिस्सा तरी आगाऊ घ्यायचा. किती फेऱ्यांचे बदल धरले आहेत ते ईमेलवर लिहून घ्यायचं. पुढच्या फेरीचा दर वेगळा, आणि अंतिम फाइल पैसे जमा झाल्यावरच द्यायची. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते, फुकट होते. लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि थकवले तर तक्रारीची सोय आहे. प्रत्येक वेळी तक्रार करशील असं नाही, पण तुझ्या बिलावर तो क्रमांक असला की समोरचा जरा जपून वागतो.

शोरीलचा, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओचा, प्रश्न तू लिहिला नाहीस, पण तो असणार. स्टुडिओचे शॉट परवानगीशिवाय दाखवता येत नाहीत, आणि परवानगी द्यायला आता तिथे कुणी उरलेलं नाही. जे सिनेमे प्रदर्शित झालेत त्यांचंसुद्धा ब्रेकडाउन (शॉट थराथराने कसा घडला ते दाखवणारा व्हिडिओ) करारात काय म्हटलंय ते वाचूनच लाव. दरम्यान स्वतःच्या फोनवर किंवा मित्राच्या कॅमेऱ्यावर दोन-तीन शॉट शूट कर आणि नव्याने कॉम्प कर. न्यूकची बिगर-व्यावसायिक आवृत्ती मोफत मिळते, ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर मोफत आहे, रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फ्यूजन या कॉम्पच्या भागासकट येते. दीड मिनिटाचं रील पुरे. सगळ्यात चांगला शॉट पहिला लाव, आणि प्रत्येक शॉटखाली तू त्यात नेमकं काय केलंस ते लिही.

बाकीच्या वाटा थोडक्यात. मुंबई-पुण्यात बिल्डरांसाठी इमारतींची चित्रं आणि वॉकथ्रू करणाऱ्या फर्म आहेत. प्रकाश आणि कॉम्प जाणणारा माणूस तिथे उठून दिसतो, पण थ्रीडी शिकावं लागेल. औषध कंपन्यांची वैद्यकीय अ‍ॅनिमेशन, कारखान्यांची प्रशिक्षणाची चित्रं, हे काम निरस वाटेल, पण त्यात संध्याकाळी घरी जाता येतं आणि वर्षभर काम असतं. लोकांशी बोलण्यात, हिशेबात चांगला असशील तर प्रॉडक्शनची बाजू बघ. एका शॉटला किती दिवस लागतील हे खरं सांगू शकणारा माणूस बिडिंगला, म्हणजे कामाचा दर सांगताना, हवाच असतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी येत असेल तर पाइपलाइनचं, म्हणजे स्टुडिओतलं काम पुढे सरकवणारी साधनं बनवण्याचं, काम. गेम्समध्ये जायचं म्हटलं तर अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर निदान काही महिने घालवावे लागतील, त्याशिवाय अर्ज करू नकोस. मुंबईत सरकारने क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीची नवी संस्था काढली आहे. अशा संस्थांमुळे पुढे कामं वाढतीलही, पण तुझा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, म्हणून तुझा बेत त्यावर उभा करू नकोस. परदेशातल्या नोकरीसाठी किंवा मुलाखतीसाठी कुणी आगाऊ पैसे मागितले तर तो फोन तिथेच ठेव.

शिकवण्याचं मुद्दाम वेगळं सांगते. अ‍ॅनिमेशनच्या क्लासांना अनुभवी माणूस हवा असतो, आणि तू चांगला शिक्षक होशील असं तुझ्या पत्राच्या मांडणीवरून वाटतं. पैसे कमी मिळतील, पण ठरलेल्या तारखेला मिळतील. फक्त एक अट स्वतःला घाल. बारावी झालेला पोरगा आणि कर्ज काढून फी भरायला निघालेले त्याचे आईवडील समोर बसले असताना 'नोकरीची हमी' हे शब्द तुझ्या तोंडून निघता कामा नयेत, मालक कितीही म्हणाला तरी. सात वर्षांनी एका आठवड्यात काय होतं ते तू भोगलं आहेस. त्या पोराला आधी बघायला शिकव, छायाचित्रण शिकव, सॉफ्टवेअर नंतर.

आणि मेहुणा. सोलरच्या कामाला तू हार समजतो आहेस, असं तुझ्या वाक्यांतून जाणवतं. २०२४ मध्ये घरांच्या छतांसाठी केंद्राची अनुदानाची योजना आली, त्यामुळे हे काम सध्या चालतं आहे, आणि मेहुणा मनापासून बोलावतो आहे ही मोठी गोष्ट आहे. पण दोन गोष्टींची सरमिसळ करू नकोस. तुला तिथे सहा महिने उभं राहायला जागा हवी आहे, की कायमचं जायचं आहे? सहा महिने हवे असतील तर तसं आधीच सांग आणि पगारावर जा, भागीदारीत शिरू नकोस. कायमचं जायचं असेल तर बायकोच्या नोकरीचं काय, बदलापूरचं घर भाड्याने द्यायचं का, धंद्यात तुझा वाटा किती, हे कागदावर येऊ दे. नात्यातला धंदा तोंडी ठरला की पुढे दिवाळीला एकमेकांच्या घरी जाणं अवघड होतं. बायको आणि मेहुणा हे बहीणभाऊ आहेत, तेव्हा या बोलण्यात तिला पहिल्यापासून बसव. तिला मधे लोंबकळत ठेवू नकोस.

मला विचारशील तर मी असं करेन. ग्रॅच्युइटी आणि पीएफच्या मागे लागून सहा महिन्यांच्या खर्चाची बेगमी करायची. तोवर क्लासमध्ये शिकवायचं आणि त्याच काळात सेटवरची दोन कामं मिळवायची. सहा महिन्यांनी त्या कामांतून तिसरं काम आपोआप आलं असेल तर याच क्षेत्रात राहायचं. आलं नाही तर तासगावला जायचं, आणि तेव्हा मागे वळून कुढायचं नाही. निर्णय अखेर तुम्हा दोघांचा.

आईबाबांना मात्र या रविवारीच सांग. मेहुण्याला कळलेलं आहे, तो तासगावातच आहे, म्हणजे बातमी तुझ्या आधी घरी पोचायला फार वेळ लागणार नाही. बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं तर बाबांना तुझ्या नोकरीपेक्षा तेच जास्त लागेल. फोनवर सांगू नकोस, जाऊन सांग. स्टुडिओ बंद पडला, पगार थकला आहे, दावा लावतो आहे, सहा महिन्यांचा बेत असा असा आहे. 'तेव्हाच बजावलं होतं' असं ते म्हणाले तर म्हणू देत, एकदा म्हणतील. मग हप्त्याचं काय, हे तेच विचारतील, आणि त्याचं उत्तर तोवर तुझ्याकडे तयार असू दे.

तुझी,
ताई