पारशी नववर्ष दोनदा का येतं? मार्चमधलं नवरोज खरं की ऑगस्टमधली पतेती?

प्रश्नातच घोळ आहे, तिथूनच सुरुवात करतो. पतेती हे नववर्ष नाही. तो जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस. पतेत म्हणजे वर्षभरात जे वाईट घडलं त्याच्या पश्चात्तापाची प्रार्थना. नवं साल दुसऱ्या दिवशी. आपण मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांना जिन्यात गाठून पश्चात्तापाच्या शुभेच्छा देतोय आणि ते बिचारे हसून 'थँक्यू' म्हणतायत.

मी पारशी नाही. आमचा दादरला फुलांचा धंदा, वडिलांपासूनचा. पारशी कॅलेंडर मला कळलं ते एका चुकलेल्या ऑर्डरीमुळे.

१९९६ साली वडील काविळीने झोपले आणि धंदा माझ्या गळ्यात आला. वय वीस, अक्कल बेताची. पारशी कॉलनीत फाइव्ह गार्डनजवळ एक बाई राहायच्या, एकट्या. त्यांच्या घरी मुक्तादला फुलं आमच्याकडून जायची. मुक्ताद म्हणजे वर्षाचे शेवटचे दहा दिवस. गेलेल्या माणसांचे फ्रवशी, म्हणजे ढोबळमानाने त्यांचे आत्मे, तेव्हा घरी येतात. प्रत्येकाच्या नावाची चांदीची फुलदाणी, रोज ताजी फुलं, दिवा, लोबान. बरेच जण हे अग्यारीत, म्हणजे त्यांच्या अग्निमंदिरात करतात, बाई घरी करायच्या. लोक याला पारशांचा पितृपक्ष म्हणतात. म्हणोत, पण पितृपक्षात फुलवाला माशा मारत बसतो आणि मुक्तादला गुलछडी पुरत नाही.

वडिलांच्या डायरीत गेल्या वर्षीच्या पानावर लिहिलं होतं: १३ ऑगस्ट, बाई, पहिला दिवस. मी १३ ऑगस्टला, मंगळवारी, पहाटे पाऊस अंगावर घेत सायकल हाणली. मागे टोपलीत गुलछडीच्या काड्या, गुलाबाच्या तीन जुड्या, वर प्लास्टिक. दार उघडलं तर बाई डोक्याला पांढरा रुमाल बांधून उभ्या. मागे संगमरवरी टेबल, त्यावर पांढरंशुभ्र कापड, दिवा लागलेला, आणि दोन हात उंच टेबलावरच्या त्या भारी चांदीच्या फुलदाणीत खालच्या कंपाउंडमधली चार तगरीची फुलं. माना टाकलेली.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मारो धणी काले आवी गयो, डीकरा. एने तगर गमतुं नथी."

नवरा काल येऊन गेला आणि त्याला तगर आवडत नाही. नवरा वारून अकरा वर्षं झाली होती. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी डायरीचं सांगितलं तर बाईंनी मला उंबऱ्यावर थांबवूनच हिशोब शिकवला. त्यांचे महिने बारा, प्रत्येकी तीस दिवसांचे, वर पाच दिवस गाथांचे. झाले ३६५. फेब्रुवारीच्या एकोणतिसाव्या दिवसाला त्यांच्यात जागाच नाही. म्हणून दर लीप वर्षी त्यांचं साल आपल्या तारखेत एक दिवस अलीकडे सरकतं. १९९६ लीप वर्ष. १९९५ ला नवं साल २३ ऑगस्टला होतं, त्या वर्षी २२ ला. वडिलांना हे पाठ होतं, पण डायरीत कशाला लिहितील?

२२ तारखेला तोरण आणि गुलाब घेऊन गेलो आणि अतिशहाणपणा करून म्हणालो, "बाई, पतेती मुबारक." तेव्हा मात्र त्या खो खो हसल्या. "काल होती ती! आज साल मुबारक बोल." आणि बशीत शेवया, वर मनुका-बदाम, बाजूला घट्ट गोड दही.

आता आमच्या दाजींचा विषय. हे सरकारी नोकरीत, आणि गेली वीसेक वर्षं दर ऑगस्टमध्ये त्यांचं ठरलेलं वाक्य: "ज्यांना साधं लीप वर्ष मोजता येत नाही, त्यांचं कसलं कॅलेंडर!" दाजी, हे उत्तर तुम्ही वाचणार आहात, म्हणून लिहितो. विवेकानंद जन्मले ती मकरसंक्रांत १२ जानेवारी १८६३ ला होती. आज ती १४-१५ ला येते. आपलीही सरकते, फक्त उलट्या दिशेने. आणि मी मार खाल्ला त्याच १९९६ साली आपल्या पंचांगात अधिक आषाढ होता, अख्खा महिना जास्तीचा. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हिंदूंना महिने मोजता येत नाहीत. उलट जावयांनी वाण घेतलं. तुम्हीही घेतलंत.

अधिक महिन्यावरूनच पुढचं सांगतो. हिंदुस्थानातल्या पारशांनी मागे कधीतरी असाच एक महिना मध्ये घातला आणि इराणातल्या जरथुष्ट्रींनी, म्हणजे त्यांच्याच धर्मबांधवांनी, घातला नाही, असं मानतात. अठराव्या शतकात इराणातून आलेल्या विद्वानांशी ताळा करताना सुरतेत हा फरक उघड झाला. १७४५ च्या सुमारास काहींनी इराणी हिशोब धरला, ते कदमी. बाकीचे शहेनशाही. कदमींचं साल एक महिना आधी, जुलैत. तिसरे फसली: त्यांचं साल २१ मार्चला पक्कं, वसंतसंपाताला, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाला धरून. मुंबईत १९०६ साली खरशेदजी कामांनी त्याचा पुरस्कार केला. म्हणजे दोन कसली, नववर्षं तीन आहेत. मार्चचं जमशेदी नवरोज इथले शहेनशाहीही साजरं करतात, पण त्यांचं साल बदलतं ऑगस्टमध्येच.

खरं कोणतं? ज्या घरात जे पाळतात ते. वर्ष मात्र तिघांचंही इराणचा शेवटचा सासानी राजा यज्दगर्द तिसरा ६३२ साली गादीवर बसला तिथपासून मोजलं जातं. राज्य जाऊन चौदाशे वर्षं होत आली, गणना चालू आहे. २०११ च्या जनगणनेत देशात पारशी उरले होते ५७,२६४. एवढ्या लोकांनी आपली तारीख आपल्या हिशोबाने मोजली तर दाजींचं काय जातं?

जातं, खरं तर. सुट्टी जाते. २०२४ पासून २०२७ पर्यंत शहेनशाही नवं साल १५ ऑगस्टलाच येतं, त्यामुळे महाराष्ट्र सरकारची पारशी नववर्षाची सुट्टी स्वातंत्र्यदिनात विरघळते. दाजींचा खरा राग तिथला आहे.

हे सगळं फुलवाल्याच्या उंबऱ्यावरून पाहिलेलं. अग्यारीच्या आत मी कधी गेलेलो नाही, जाऊ देत नाहीत. फ्रवशी म्हणजे अगदी आपले पितर नव्हेत, हेही बाईंनी बजावलं होतं. धर्मातलं बारीकसारीक एखाद्या दस्तुरांना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना विचारा.

२०२८ ला लीप वर्ष आहे, साल १४ ऑगस्टला येईल आणि सुट्टी सुटी मिळेल. दाजी २०२७ ला रिटायर होतायत.