वाड्याच्या दिवाणखान्यासाठी एफडी मोडू का?

प्रश्न: बडोद्याच्या दांडिया बाजारात सासऱ्यांचा जुना वाडा आहे. दिवाणखान्याला विल्यम मॉरिस या जुन्या इंग्रज नक्षीकाराच्या वेलबुट्टीचा वॉलपेपर लावायचा आहे. खोली १६ बाय १२, उंची ११ फूट. दुकानदार १० रोल म्हणतो, रोल ९,५०० रुपयांना; लावणावळीसकट सव्वा लाख. यजमानांचं पेन्शन आहे आणि ४ लाखांची एक एफडी. दुसरी शिल्लक नाही. एफडी मोडू का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. कागद जरूर लावा, पण एकाच भिंतीला आणि पावसाळा उलटल्यावर.

तो १० रोलांचा आकडा चौरस फुटांवरून काढलेला दिसतो. कागद लागतो पट्ट्यांनी. नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. तुमची ११ फूट उंची म्हणजे ३.३५ मीटर. भागून पाहा, बरोबर ३ पट्ट्या निघतात; पण वर-खाली कापायला बोटभरही कागद उरत नाही, आणि शेजारच्या पट्टीशी वेल जुळवायची तर दर पट्टीला थोडा कागद जादा जातोच. म्हणजे रोलमागे २ पट्ट्या. दारं-खिडक्या वजा करून तुम्हाला २८ पट्ट्या, म्हणजे १४ रोल लागतील. इथेच ३८,००० वाढले. मागाहून मागवलेल्या रोलांचा बॅच नंबर वेगळा आला, तर रंगातला फरक भिंतीवर दिसत राहील, तो वेगळाच.

आता १२ फुटी भिंत घ्या. ७ पट्ट्या, ४ रोल, ३८,००० रुपये; लावणावळीचे १०,००० धरू. पेन्शनमधून दरमहा ६,००० आरडीत (दरमहा भरायच्या ठेवीत) टाकलेत तर ८ महिन्यांत ही रक्कम हातात येते. एफडी मुदतीआधी मोडली तर जेवढे दिवस ठेवली तेवढ्या दिवसांचाच दर मिळतो, वर बहुतेक बँका दंड कापतात. पण मला काळजी व्याजाची नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा किती घरांना वायरिंगपासून गाद्यांपर्यंत सगळं रोख पैशांत नव्यानं करावं लागलं, ते आपण पाहिलंय. तुमचे ते ४ लाख अशा दिवसासाठी आहेत.

दुकानदाराला आणखी एक विचारा: छपाई हाताच्या ठशांची की डिजिटल? मॉरिस १८९६ साली वारले, त्यांच्या जुन्या नक्ष्यांचा कॉपीराइट संपलाय, त्या आता कुणीही छापू शकतं. तुम्ही पैसे मोजता ते छपाईचे आणि कागदाचे. डिजिटल छपाईचा भाव मागवाच.

व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, कागद मात्र घेऊ नका. वाड्याची भिंत चुन्याची असेल तर तिला ओल बाहेर टाकायला वाट लागते; व्हिनाइलखाली ती कोंडते, बुरशी धरते आणि कागद सुटतो. सप्टेंबरात भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरी खारट भुकटी लागली, तर आरडीचे पहिले पैसे गळती शोधण्यात आणि चुन्याच्या गिलाव्यात घाला.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा एकदा बघून या. तिथे १९व्या शतकातली चित्रं भिंतींवरच रंगवलेली आहेत. तुमच्या दिवाणखान्यातही कागद लावण्याआधी दाराच्या वरचा एखादा कोपरा जाणकाराकडून हलक्या हातानं खरवडून घ्या. खाली जुनी रंगवलेली किनार निघाली, तर रोलांची ऑर्डर थांबवा आणि मला पुन्हा लिहा. त्या किनारीच्या खर्चाचा हिशेब आपण नव्यानं मांडू.