दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या एखाद्या तरुण बॉम्बर वैमानिकाबद्दल सांगाल का?

ब्रिटिश बॉम्बर वैमानिक गाय गिब्सन आणि जर्मनीतली धरणं फोडणारी त्याची तुकडी यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी दुसरं नाव घेतो: लेस्ली मॅन्सर. ब्रिटिश खरा, पण जन्म नवी दिल्लीतला, ११ मे १९२२ चा. वडील इथल्या टपाल-तार खात्यात इंजिनिअर होते.

३० मे १९४२ च्या रात्री ब्रिटिशांनी जर्मनीतल्या कोलोन शहरावर एकदम हजाराहून जास्त विमानं पाठवली. आकडा गाठायचा म्हणून प्रशिक्षणाची, जुनीपानी, मिळतील ती विमानं बाहेर काढली होती. मॅन्सरच्या वाट्याला आलं ‘मँचेस्टर’. इंजिनं दोनच आणि तीही बेभरवशाची, तापायची, पेटायची. (याचंच पुढे चार इंजिनांचं, नावाजलेलं लँकेस्टर झालं.) पोटात आगलावे बॉम्ब भरलेलं ते धूड सात हजार फुटांच्या वर चढेना. तिथूनच माघारी वळला असता तरी त्याला कोणी नावं ठेवली नसती, असं मला वाटतं. तो पुढे गेला.

कोलोनवर सर्चलाइटनी गाठलं. बॉम्ब टाकले आणि तोफांचा मारा बसला. आठशे फुटांपर्यंत सूर मारून तो कसाबसा निसटला. शेपटाकडचा गनर जखमी, आत धूर. पुन्हा थोडी उंची मिळवतोय तोच डावं इंजिन पेटलं. ती आग काही वेळाने विझली, पण उरलेल्या एका इंजिनाला विमान पेलवेना. बेल्जियमवर आल्यावर कळून चुकलं की आता इंग्लंड गाठणं होत नाही. त्याने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं.

आता अडचण अशी की वेग फार कमी झाला होता. कंट्रोलवरचे हात सुटले असते तर काही सेकंदांत विमान कलंडलं असतं. म्हणजे बाकीचे उतरेपर्यंत कोणीतरी बसून राहणं भागच होतं. सहवैमानिक लेस्ली बेव्हस्टॉक त्याला पॅराशूट अडकवायला गेला, तर मॅन्सरने त्याला हाकलून उडी मारायला लावली. तोवर जमीन इतकी जवळ आली होती की बेव्हस्टॉकचं पॅराशूट नीट उघडलंच नाही. पाण्याने भरलेल्या चरात पडला म्हणून वाचला. विमान ब्रे गावाजवळ आपटून पेटलं. मॅन्सरला वीस पूर्ण होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

बाकीचे सहाही जण जगले. एक जर्मनांच्या हाती लागला. पाच जणांना बेल्जियन लोकांनी घरांत लपवलं आणि ‘कॉमेट’ नावाच्या गुप्त साखळीने फ्रान्स, पिरेनीज, स्पेन असं करत ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जिब्राल्टरला पोचवलं. पकडले गेले असते तर या माणसांची रवानगी छळछावणीत किंवा थेट गोळीबार पथकासमोर. परतलेल्या पाच जणांनी घडलेलं सांगितलं, त्यावरून ऑक्टोबर १९४२ मध्ये मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाचे, सव्वा लाखाच्या आसपास जवान विमानांतून मोहिमांवर गेले, ५५,५७३ मेले, बहुतेक विशी-बाविशीतले. अख्खं विमान गेलं की आत कोण कसं वागलं हे सांगायला कोणी उरतच नसे. मॅन्सरसारखे आणखी किती असतील, पदकांच्या यादीवरून त्याचा अंदाजच येत नाही. लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर थडगंसुद्धा नसलेल्या वीस हजारांवर हवाई जवानांची नुसती नावं आहेत.

आणि हो, कोलोनमध्ये त्या रात्री पावणेपाचशेच्या आसपास माणसं मेली, ४५ हजारांवर बेघर झाली. मॅन्सरचं कौतुक करताना हे गाळलं तर ती अर्धीच हकिगत.

तो ज्या स्केलिंगथॉर्प तळावरून उडाला तिथे आता लिंकन शहराची वस्ती आहे आणि त्याच्या नावाची प्राथमिक शाळा. थडगं बेल्जियममध्ये, ल्यूव्हेनला लागून असलेल्या हेव्हर्लीच्या युद्ध दफनभूमीत. ब्रसेल्सला कधी जाणं झालंच तर तिथून ते फार लांब नाही.